आपत्काळात कळवायची व्यक्ती

"मला काय शिकवणार हे? अडकलेल्या लिफ्टमधून त्रेचाळीस माणसं बाहेर काढलीत मी," लिफ्टवाले काका भेटेल त्याला ऐकवत होते. चव्वेचाळिसावा अडकायच्या आधीच ते निवृत्त झाले, ही गोष्ट वेगळी. सरकारी खर्चानं आपत्ती मदतनीसांचं प्रशिक्षण निघालं, दहा दिवस, चहा फुकट, शेवटी नारिंगी जाकीट आणि शिट्टी, तेव्हा सगळ्यात आधी नाव नोंदवायला धावले ते काकाच. खरं सांगायचं तर जाकीट नुसतं निमित्त. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात दिवसभर फक्त फ्रिज बोलायचा.

पहिल्याच दिवशी फॉर्मवर गाडी अडली. 'आपत्काळात कळवायची व्यक्ती : नाते, फोन.' काकांनी डोकं खाजवलं. एक भाचा होता, पण त्याचा शेवटचा फोन कधी आला तेच आठवेना. शेजारी होते, पण जिन्यात मान हलवण्यापुरते.

"रिकामं ठेवलं तर?"

"नाही चालत," कारकून म्हणाला. "फॉर्म वरून परत येतो. घरात कोणी नाही का?"

"आहे की," काका घाईघाईनं म्हणाले. यात खोटं काय होतं? नात्यापुढे त्यांनी 'घरचे' लिहिलं आणि स्वतःचाच नंबर ठोकून दिला.

नऊ दिवस मजेत गेले. दहाव्या दिवशी परीक्षा. काकांचे गुडघे शिडीवर कुरकुरायचे, म्हणून त्यांना रुग्ण केलं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत, नाक-डोळे तेवढे सोडून, पट्ट्या गुंडाळल्या आणि गळ्यात 'बेशुद्ध' अशी पाटी अडकवली.

"काका, काही झालं तरी हलायचं नाही," प्रशिक्षकांनी बजावलं. "गुण गेले तर गटातल्या बाराही जणांची जाकिटं गेली."

काका असे बेशुद्ध पडले की माशी नाकावर बसली तरी हूं नाही की चूं नाही. गटानं त्यांना झकास उचललं. स्ट्रेचर गाडीच्या दाराशी पोचलं आणि परीक्षकांनी हात आडवा घातला.

"नातेवाइकांना कळवलं? त्याशिवाय गाडी हलणार नाही."

फोनचं काम गटातल्याच, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या ताईकडे होतं. ती पलीकडच्या इमारतीत बसली होती. तिनं काकांचा फॉर्म काढला आणि त्यावरचा नंबर लावला.

काकांच्या खिशात फोन वाजला.

काका हलले नाहीत. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. स्ट्रेचर धरलेले चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"घरचे उचलतच नाहीत हो," वॉकीटॉकीवर ताई रडकुंडीला आली.

"दोन मिनिटं," परीक्षक घड्याळ बघत म्हणाले. "नाहीतर गट नापास."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काकांनी डोळे मिटूनच खिशात हात घातला.

"हॅलो," पट्टीतून घोगरा आवाज आला.

"घाबरू नका," ताई समोरचा कागद वाचत होती. "तुमच्या माणसाला अपघात झालाय. आपण त्यांचे कोण?"

"घरचाच," काका म्हणाले.

"लगेच येऊ शकाल?"

"येतो."

"एकटे येऊ नका हं. सोबत कोणालातरी घेऊन या."

इथे मात्र काकांची पंचाईत झाली. सहा वर्षांत इतक्या मायेनं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि जे सांगितलं तेही कागदावरून वाचून. काकांना फार एकटं वाटलं.

"बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोणी हसलं नाही. गटातला ऊठसूट खिदळणारा प्लंबरसुद्धा आपल्या बुटांकडे बघत राहिला. परीक्षकांनी तेवढं नियमांचं पुस्तक चाळलं आणि वहीत लिहिलं : बेशुद्ध रुग्ण बोलला, पाच गुण वजा. नातेवाईक तत्काळ हजर, दहा गुण जमा. गट पास झाला, वर पहिलाही आला.

जाकिटं वाटून झाली, मंडळी पांगली. काकाही निघाले, तोच कारकून कागद फडकावत मागून आला.

"एक राहिलंच. 'रुग्ण घरच्यांच्या ताब्यात दिला.' इथे सही लागते."

"माझी?"

"घरचे तुम्हीच ना?"

काकांनी सही केली. मग रुग्णाला जाकीट घातलं आणि त्याला घरी घेऊन गेले.