थांबा नसलेला फाटा

आमच्या शेजारचा विश्वनाथ ड्रायव्हर जेवण झाल्यावर आपणहून उठत नाही. ताट रिकामं झालं तरी मांडी घालून बसून राहतो. कोणीतरी ताटलीवर चमच्यानं दोनदा वाजवावं लागतं. मग तो म्हणतो, "सुटली," आणि उठतो. एसटीत कंडक्टरनं घंटीची दोरी दोनदा ओढली, म्हणजे 'डबल' दिली, की गाडी सोडायची, एकदा ओढली की थांबवायची. तीस वर्षं हेच केलं. रिटायर झाला, पण घंटी काही त्याच्या अंगातून गेली नाही.

आधी त्याची बायको कौसल्या वाजवायची. ती गेल्यापासून मी वाजवते. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, चौथी शिकलेली, आणि भिंतीला भिंत लागून घर. दुसरं कोण वाजवणार?

ताडकळसच्या बाजारात तो पायी चालतो, तरी वळताना उजवा हात बाहेर काढतो. मागच्या बाया हसतात. "माझ्या हातून एक कोंबडी मेली न्हाई, अक्का," असं तो मला आठवड्यातून दोनदा ऐकवतो. ते खरं आहे. नियमाचा तर इतका पक्का की थांबा असेल तिथं रस्त्यावर कुत्रं नसलं तरी गाडी उभी करायचा, आणि थांबा नसेल तिथं कलेक्टरनं हात केला तरी सरळ पुढं जायचा.

त्याला एकच मुलगी, सुजाता. ती पुण्याला टीव्हीवर खेळायचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत आहे. खेळात माणूस पळतो ना, त्याच्या मागची झाडं, घरं, डोंगर ती काढते. विश्वनाथला तिला मास्तरीण करायचं होतं. तिनं चित्रकला धरली. त्यानं अडवलं नाही, पण तिच्या एका चित्राला कधी चांगलंही म्हटलं नाही. दाखवलं की म्हणायचा, "बरं." पोरीला बापाकडून या एका शब्दापलीकडं काही मिळालं नाही.

मागच्या वर्षी तिनं टीव्हीला जोडायची पेटी आणि एक खेळ पाठवला. एक टोपीवाला माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत जातो, एवढाच खेळ. चित्रं सगळी चौकटी-चौकटीची, उशीच्या अभ्र्यावर भरतकाम असतं तशी. पूर्वी असे खेळ होते म्हणे, म्हणून आता नवे खेळ मुद्दाम जुन्यासारखे करतात. नवं भांडं आणून त्याला पोचे पाडायचे, यातलाच हा प्रकार. पण विश्वनाथ त्यात रमला. मी ताटलीवर दोनदा वाजवायची, मग त्याचा टोपीवाला निघायचा. खड्डा आला की थांबायचा. विश्वनाथ मान पुढं काढून खड्ड्यात बघायचा, मग उडी. खेळात वेळ मोजलेला असतो. बाकीचे लोक खड्ड्यात पडून मरतात, हा वेळ संपून मरायचा.

"वेळ संपली तर संपली," तो म्हणायचा. "माणूस पडला का? न्हाई ना?"

यंदा त्या खेळाचा दुसरा भाग आला. तो बाजारात विकायला जायच्या आधीच सुजातानं बापाला पाठवला आणि फोनवर म्हणाली, "पप्पा, सगळा खेळू नका वाटलं तर. पण तिसऱ्या टप्प्यातलं सगळं मी काढलंय. बघून काय वाटलं ते सांगा. नुसतं बरं म्हणू नका. रविवारी फोन करते."

विश्वनाथनं ते फार मनावर घेतलं. दाढी करून खेळायला बसला. पण हा दुसरा भाग लय वेगाचा. टोपीवाल्याच्या मागं धुळीचा लोट लागतो. थांबलं की लोट गिळतो, खेळ पहिल्यापासून. पहिल्या दिवशी तर माझा चमचा खाली ठेवून होईपर्यंत त्याचा माणूस मेला.

"ही काय गाडी हाय का विमान?" तो म्हणाला आणि वही काढली. ड्यूटी संपल्यावर गाडीचे दोष लॉगशीटवर लिहायची सवय. तसेच त्यानं लिहिले. वेग जास्त. मागचं बघायला आरसा नाही. हॉर्न नाही. खड्डे फार, बांधकाम खात्याला कळवावे.

पण चिकट माणूस. चार दिवसांत पहिला टप्पा काढला, पुढच्या आठवड्यात दुसरा. या वयात तो असा पळवेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि तिसऱ्यात जो अडकला तो अडकलाच. रोज दुपारी चारला बसायचा आणि रोज एकाच जागी मरायचा. मी दारात ज्वारी निवडत बसलेली असायची. मला चष्म्याशिवाय लांबचं धड दिसत नाही. नुसता मरणाचा आवाज यायचा.

दोन रविवार त्यानं फोन माझ्याच हातात दिला. मी सरळ सांगून टाकलं, "सुजाता, तुझ्या बापाला जमत न्हाई. तिसऱ्यात मरायलाय रोज. म्हातारा झालाय."

"तिसऱ्यात कुठं, मावशी?"

"काय की बाई. मला काय कळतंय."

"असू द्या," ती म्हणाली. आवाज पडलेला होता. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

असं अडकून तिसरा आठवडा लागला, तेव्हा मला राग आला. चष्मा लावला आणि जवळ जाऊन बसले. "खेळ बरं माझ्यासमोर. कुठं चुकायलास ते बघते."

टोपीवाला झकास पळाला. खड्डे, दगड, काटे, एकही चूक नाही. मग एक फाटा आला. लिंबाचं झाड, खाली दगड, दगडावर फ्रॉक घातलेली बारकी पोरगी, हातात कागद. नुसतं मागचं चित्र ते. खेळात त्याचं काही काम नाही. विश्वनाथनं तिथं बटणावरचा अंगठा उचलला. माणूस उभा राहिला. मागून लोट आला आणि गेला घेऊन.

"अरे, मुद्दाम थांबायलास का?"

"थांबा न्हाई इथं," तो म्हणाला. "माहीत हाय मला. जलद गाडी होती."

तो फाटा आमचाच होता. जलद गाडी तिथं थांबत नसे. सुजाता शाळेतून येऊन त्या दगडावर बसायची, बापाची गाडी जाताना बघायला. तो दोनदा हॉर्न वाजवायचा आणि जायचा. मी तिला म्हणायचे, "तो थांबणार न्हाई, चल घरी." माझंच खरं व्हायचं.

एकदा मी त्या गाडीत होते, बहिणीकडं पालमला निघालेले. पोरगी चौथीत. चित्राला शाळेत पहिला नंबर आला होता. कागद डोक्यावर धरून उभी होती, कागदावर लाल एसटी. मला खिडकीतून दिसली. त्यालाही दिसली असणार. कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता आणि घंटीची दोरी माझ्या डोक्यावरून गेली होती. हात वर केला असता तर पुरत होती. मी केला नाही. गाडी थांबवणं माझं काम नव्हतं. मागं वळून बघितलं तेव्हा धूळच दिसली.

हे मी विश्वनाथला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

रविवारी सुजाताचा फोन आला. त्यानं वही माझ्याकडं सरकवली. "तुमीच वाचा, अक्का." मी वेगापासून बांधकाम खात्यापर्यंत सगळं वाचलं. ती हसत होती. शेवटची ओळ नवीन होती. ती पण वाचली. "तिसऱ्या टप्प्यात फाट्यावर थांबा द्यावा. प्रवासी उभा आहे. चित्र फार चांगलं आहे."

तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "मावशी, पप्पांना सांगा, खेळ आता पुढं गेला, बाजारात. त्यात काही बदलता येत न्हाई."

मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवून पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसला. "डबल द्या, अक्का."

मी डबल दिली. टोपीवाला पळाला. खड्डे गेले, दगड गेले, धूळ मागं लागली. लिंबाचं झाड दिसलं तशी मी हात उचलला आणि ताटलीवर एकदाच वाजवलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गाडी थांबली.