सगळी पावलं उजवी

सागरच्या विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या गुणाकरला वाटायचं, चोरानं नुसतं शिंकावं अन् आपण त्याचं गोत्र सांगावं! त्याच्या वडिलांना, दादाजींना, मात्र हे शिक्षण पटत नव्हतं. शिकून होतं काय, असं तो सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी विचारलं, तेव्हा गुणाकरनं ऐटीत यादी सांगितली: तुरुंगाधिकारी, ठसेतज्ज्ञ, सुटलेल्या कैद्यांना मार्गी लावणारा अधिकारी. "म्हणजे कुठूनही गेलं तरी जेलच," असं म्हणून दादाजींनी सुट्टीनंतर त्याला जबलपूरला वकिलीला घालायचं ठरवून टाकलं. आई असती तर मध्ये पडली असती. पण ती दोन वर्षांपूर्वीच गेली.

अन् देव पावला! भादव्यातल्या एका सकाळी फाटकापासून देवघरापर्यंत पांढरे ठसे दिसले, स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाचा डबा उघडा. आता दाखवतोच, म्हणत गुणाकर फूटपट्टी घेऊन जमिनीवर आडवा झाला. त्याची आरोळी ऐकून शेजारच्या दुर्गाबाई लाटणं घेऊन धावल्या, मागोमाग अर्धी आळी.

"चोर लहान पोरगं आहे," गुणाकरनं जाहीर केलं. "पायाला बोटं नाहीत. सगळी पावलं उजवी, म्हणजे लंगडी घालत आलं. ठसे आत जातात, बाहेर येत नाहीत. चोर घरातच आहे!"

कोणी पलंगाखाली काठी फिरवली, कोणी कणगी हलवली. देवघराच्या दाराआड कोणीतरी खोकलं. गुणाकरनं झडप घालून चोराची मूठ धरली. मूठ पिठानं माखलेली होती, अन् ओळखीची. लाजून लपलेले दादाजी होते ते.

"तुझी आई गेल्यापासून घरात महालक्ष्म्या बसल्या नाहीत," ते खाली मान घालून म्हणाले. "म्हटलं, पोरगं घरी आलं, पावलं तरी काढू. ती मुठी टेकवत जायची, तेवढं ध्यानात होतं. डावा हात शुभ कामाले कसा लावू? अन् बोटं काढाले तं भुललोच."

आळी गुपचूप पांगली. दुर्गाबाई लाटणं पदराआड लपवत हळूच म्हणाल्या, "या कामाले डावा चालते जी."

गुणाकरनं फूटपट्टी बाजूला ठेवली. त्यानं पीठ कालवलं, डावी मूठ बुडवली अन् प्रत्येक उजव्या पावलाशेजारी एक डावं उमटवत गेला. मागून दादाजी बोटांचे ठिपके देत आले.

देवघराशी पोचल्यावर दादाजींनी हात पुसले. "जबलपूर राहू दे. तू सागरलेच जा."

गुणाकरचा कानांवर विश्वास बसेना. "काहून, बाबा?"

"लक्ष्मीले लंगडा चोर म्हणणारं पोरगं अर्ध्या शिक्षणावर कसं सोडू? पुरं शिकूनच ये!"