शेषरावभाऊंची उलटतपासणी

आमचे शेजारी शेषरावभाऊ बिघडलेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडत नाहीत. आधी ते मालकाला उघडतात.

त्यांच्या अंगणात बदामाखाली दोन लोखंडी खुर्च्या आहेत. एकीवर मालक, दुसरीवर भाऊ. गाडीकडे पाहायचंसुद्धा नाही. काल कुठं गेले होते, काय भरलं होतं, कोण चालवत होतं, घरी कोणाशी वाजलं का, सगळं विचारणार. "गाडी खोटं नाही बोलत, मालक बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. आमच्या वाशिमजवळच्या मालेगावात गॅरेजं पुष्कळ आहेत, पण तिथं न सापडलेला बिघाड शेवटी या झाडाखाली येतो.

एकदा नवरदेवाची सजवलेली गाडी आमच्या दारावरून वाफा टाकत चालली होती. भाऊंनी ती अडवली आणि पुढच्या जाळीवरचे हार ओढून काढले. नवरदेव चिडला. भाऊ त्याला म्हणाले, "तुह्या गळ्यात हार आहे, नाक तर मोकळं आहे न? तिचं नाकच बुजवलं तुमी." वरात हसली, इंजिन निवलं, आणि भाऊ जेवायला न थांबता परत आले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसायची पाळी माझी आली.

सुनेचं सिझर होऊन पाच दिवस झाले होते. तिला आणि नातवाला वाशिमच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. दोन वाजेपर्यंत खाट रिकामी करायची होती. मुलगा तिथं होता, पण त्याच्याकडे मोटरसायकल. भाड्याच्या गाड्या सगळ्या पोहरादेवीच्या दर्शनाला गेलेल्या. टाके असलेल्या बाईला एसटीत कोण बसवणार? सकाळी नऊला मी गाडी काढली, तर ती थरथरायला लागली आणि काचेमागचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. मी पिठाची गिरणी चालवते. यंत्राला घाबरत नाही. तशीच निघणार होते. भाऊ कुंपणापलीकडून धावत आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

दिवा नुसता लागून राहिला तर ती चिठ्ठी, फुरसतीनं वाचावी, असं त्यांचं म्हणणं. उघडझाप करत असेल तर ती हाक. तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं आणि वाटेत गाडी बसते. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं.

काल काय केलं गाडीला? काही नाही, म्हटलं. दसऱ्याची पूजा केली. मग धुतली असेल? धुतली, वरून. बॉनेट कोणी उघडलं? मी म्हटलं, ह्यांनी उघडलं असेल. हे दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले.

"वैनी," भाऊ शांतपणे म्हणाले, "मी सायेब नाही. दंड नाही मारत. खरं सांगा."

मग मी सांगितलं. नातू पहिल्यांदा बसणार त्या गाडीत धूळ कशाला, म्हणून मीच बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा पाइप सोडला होता. चांगली दहा मिनिटं. वरून हळदकुंकू लावलं होतं.

भाऊ रागावले नाहीत. ते खूश झाले. "इंजिनाले अभ्यंगस्नान घातलं तुमी," म्हणत उठले आणि पान्यांची पिशवी घेऊन आले. ठिणगी देणाऱ्या कॉइल एकेक करून उपसल्या. तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. जुन्या धोतराच्या चिंधीनं ते टिपलं, मग सुनेचा केस वाळवायचा ड्रायर मागवला. अर्धा तास ते इंजिनाचे केस वाळवत होते. साडेदहाला गाडी चालू केली. दिवा पुन्हा उघडझाप.

मी घड्याळाकडे पाहत होते. भाऊंचा चेहरा मात्र उजळलेला. त्यांनी आपल्या मुलानं बंगळुरूहून पाठवलेला, बिघाड सांगणारा स्कॅनर जोडला; तो तिसऱ्या सिलिंडरचं नाव सांगत होता. त्यांनी तिसरी कॉइल पहिल्या जागी घातली, पहिली तिसऱ्या जागी. मग स्कॅनर पुन्हा लावला. आता तो पहिल्याचं नाव सांगत होता. कॉइल हलवली तसं दुखणं हललं. म्हणजे कॉइलच मेली. सुट्या भागांचं दुकान सणाचं बंद होतं. भाऊंनी दुकानदाराला फोनवर असं काही सुनावलं की तो बनियनवर येऊन शटर उघडून बसला. हे भाऊंच्या मोटरसायकलनं कॉइल घेऊन आले. साडेबाराला इंजिन गिरणीच्या नव्या पट्ट्यासारखं सरळ चालू लागलं. दिवा गेला.

मी निघाले, तर भाऊ शेजारी येऊन बसले. नवी कॉइल आहे, संग येतो, म्हणाले. मी नको म्हटलं नाही.

वाशिमला सून मागच्या सीटवर कशीबशी आडवी झाली. मुलगा सामान घेऊन मोटरसायकलनं पुढे निघाला. मला गाडी चालवायची. बाळ धरणार कोण? भाऊ नळाकडे गेले. साबणानं तीनदा हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. नखांतलं काळं काही गेलं नाही. शेवटी त्यांनी तळवे वर हवेत धरले आणि बाळ कोपरांच्या मध्ये घेतलं. तसेच गाडीत बसले आणि बाळाकडे पाहत राहिले. त्यांना कसलाच प्रश्न विचारता येत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

वाशिम मागे पडल्यावर म्हणाले, "आमचा बंगळुरूचा नातू दीड वर्षाचा झाला. रोज दिसते. हसते, चालते, सारं दिसते. वजन नाही समजत फोनवर."

मी पुढे रस्त्याकडे पाहत होते. वीसेक किलोमीटरचा रस्ता, मोकळा. मी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही.

मागून सून म्हणाली, "आई, जरा लवकर घ्या न."

"नवी कॉइल आहे," मी म्हटलं. "हळूच न्यावी लागते."

भाऊंना ते खोटं आहे हे माहीत होतं. त्यांनी मला पकडलं नाही.