रजिस्टरात नसलेला प्रिंटर

क्रांती चौकाजवळच्या एका शासकीय कार्यालयातले सर्व संगणक काटकसरीच्या परिपत्रकानुसार लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर आणले गेले. प्रिंटरला कोणी विचारलं नाही. तो जुना, मॉडेल चारशे दहा. लिनक्सशी त्याचं बोलणंच नव्हतं. भांडारपाल आप्पासाहेबांनी डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीत, ‘चालत नाही’ अशी सुवाच्य नोंद केली, आणि दाखल्यांची रांग तीन आठवडे जागच्या जागी उभी राहिली.

लिपिक संघपालला मात्र चैन पडेना. रांगेत पडेगावची कडूबाई रोज यायची. नात मेघाचा रहिवासी दाखला आज पाचच्या आत पोचला नाही, तर पोरीची वसतिगृहातली जागा जाणार होती. संघपालने जेवणाची सुट्टी खर्ची घातली, इंटरनेट उपसलं आणि कुठल्याशा परमुलखातल्या भल्या माणसाने लिहून ठेवलेला उपाय केला. संगणकाला सांगितलं, हा चारशे दहा नाही, त्याचा थोरला भाऊ पाचशे वीस आहे. प्रिंटर खाकरला आणि मुकाट्याने छापू लागला.

चार वाजेपर्यंत चाळीस दाखले सहीशिक्क्यानिशी गेले. एक्केचाळिसावा कडूबाईचा. सहीला न्यायचा कागद हातात येताच तिने तो कपाळाला लावला.

“लई पुण्य लागंल रं लेकरा.”

तेवढ्यात आप्पासाहेबांची नजर पडद्यावर गेली.

“हे पाचशे वीस कुठून आलं?”

“आपलाच हाय तो, आप्पासाहेब. नुसतं नाव दुसरं सांगितलंय. त्याशिवाय चालत नाय.”

“चारशे दहा चालत नाय, ही नोंद माझ्या हातची हाय. म्हंजे हे जे चालतंय ते आपलं नाय. अन् आपलं होतं ते गेलं कुठं?”

प्रश्न गंभीर होता. एकाच टेबलावर एक चोरी आणि एक विनामंजुरी खरेदी उघडकीस आली होती. मोठे साहेब नानासाहेब यांनी सहीसाठी उघडलेलं पेन मिटलं.

“सायब, सही तेवढी ऱ्हायली की,” कडूबाई म्हणाली.

“बाई, जे यंत्र कार्यालयात नाही, त्याच्या कागदावर सही कशी करू?”

“पण कागद तर माझ्या हातात हाय!”

“तो दिसतोय. निघालेला नाही.”

संघपालला लेखी आदेश मिळाला: यंत्र तत्काळ मूळ स्थितीत आणावे. त्याला अक्षरशः रडू आलं, पण नोकरी होती. पावणेपाचला त्याने प्रिंटरला त्याचं खरं नाव परत दिलं. लाल दिवा लागला. आप्पासाहेबांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. काहीच निघालं नाही, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. रजिस्टरात नोंद झाली: ‘दोष दूर केला. यंत्र नियमानुसार बंद.’

कडूबाई बिनसहीचा कागद धरून व्हरांड्यात आली. दाखले मिळालेली मंडळी अजून तिथं चहा पीत होती.

“तुमी तरी बोला की. तुमचे बी त्यातूनच निघाले ना?”

बाकीच्यांनी कपात तोंड घातलं. एकजण तेवढा म्हणाला, “नियम म्हणजे नियम, मावशी.” ते तुम्हीच होतात. चाळीस जणांत तुमचा नंबर एकोणचाळिसावा. तुम्ही खिसा चाचपलात, दाखला आत नीट होता, आणि पाचच्या ठोक्याला घरी निघालात.