झाडाचं पाणी

सासूबाई बहिणीकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी घर मुलीवर सोपवलं, सासऱ्यांचं खोकल्याचं कडू औषध त्यांच्या खिडकीलगतच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं आणि खिडकीतल्या कुंडीकडे बघत जावयाला म्हणाल्या, "हिला नळाचं पाणी चालत नाही. योग्य तेच घाला."

"योग्य म्हणजे?"

गाडी सुटली होती.

फोन करून विचारता आलं असतं. पण मागच्या वर्षी त्याने त्यांची दोन झाडं बुडवून मारली होती आणि तेव्हापासून 'जावईबापू' जाऊन घरात त्याचं नाव 'महापूर' पडलं होतं. हे तिसरं गेलं, तर ते नाव जन्मभर चिकटणार.

त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्याने दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणलं.

दुसऱ्या दिवशी एक पान खाली झुकलेलं.

"चार्ज धरत नाहीये," तो म्हणाला.

"झाड आहे ते," बायको म्हणाली. "एसीचं पाणी घालून बघ."

एसीखाली बादली लागली. आणखी एक पान खाली. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी उकळून गार केलेलं सांगितलं. त्यांनी दाढही बघून घेतली, ते वेगळं. मेहुणा म्हणाला, "माशांच्या टाकीतलं घाला, दाजी. कसदार असतं. नाहीतरी मी मासे देऊनच टाकणार आहे."

आता ओट्यावर, फ्रिजमध्ये, टीव्हीवर सारख्याच बाटल्या. प्रत्येकीवर दुकानातली चिठ्ठी: पिण्यासाठी नाही.

"माणसांची कुठली?" बायकोने विचारलं.

"चिठ्ठी नसेल ती."

"एकही नाही तशी."

दोघांनी नळाला तोंड लावलं.

आणि मग झाड उठलं. पान वर. दुसरं वर. नवीन कोंब! आदल्या दिवशी माशांचं घातलं होतं, म्हणजे तेच योग्य. त्याने आनंदाने खिडकीतली ती बाटली उचलली, तर ती हलकी लागली. झाडाला त्याने कपभरच दिलं होतं. बाटली तळाला गेली होती.

"बाबा, ही कोणी संपवली?"

"मी. माझ्या उशाशी होती, म्हणजे माझीच ना?" सासरे म्हणाले. "जरा दाट आहे. पण अंगाला लागतं."

चिठ्ठी भिंतीकडे होती.

"त्यात मासे काय काय करतात, माहितेय ना?" बायको त्याला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली. "आईला कळलं तर झाडाच्या आधी तू जाशील."

सासूबाई परतल्या. झाड टवटवीत. त्याने छाती थोडी फुगवली. त्या कुंडीवर वाकल्या, माती बोटाने उकरली, हुंगली.

"अहो," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं औषध हिच्यात कसं?"

सासरे छताकडे बघू लागले. "फार कडू होतं. ती काही बोलली नाही."

जावयाची छाती जागेवर आली. म्हणजे पाण्याचा काही संबंधच नव्हता.

"रोज?"

"वेळेवर देत होतो. तुझी शिस्त."

सासूबाईंनी नवऱ्याला आता नीट पाहिलं. गाल भरलेले. खोकला नाही. एरवी खाटेवरून न उठणारा माणूस स्टुलावर चढून पडदा सरळ करत होता.

"मग तुम्ही काय घेत होता?"

जावयाने ती बाटली पुढे केली, चिठ्ठी अंगठ्याखाली झाकून. सासूबाईंनी अंगठा बाजूला केला, वाचलं, झाकण उघडून वास घेतला, लेकाच्या माशांची टाकी ओळखली आणि बराच वेळ एकदा कोंबाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

बायको दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"औषध संपत आलंय. झाडासाठी त्याचीच दुसरी बाटली आणा." त्यांनी ती चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि बाटली पुन्हा नवऱ्याच्या उशाशी ठेवली. "आणि तुमच्या मेहुण्याला निरोप द्या. मासे कुणाला द्यायचे नाहीत."