विसावी वस्तू

"माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट मुळात अस्तित्वातच नसते," असं भिंगकाका स्वतःबद्दल सांगत, आणि समोरचा नवखा असेल तर दोन उदाहरणंही देत. हयातभर त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले होते. पुसट आकडे वाचायला कचेरीनं दिलेलं भिंग निवृत्तीच्या दिवशी परत करायचं राहून गेलं आणि जगाला एक गुप्तहेर मिळाला. त्या गुप्तहेराची सहायक म्हणजे त्यांची पुतणी. तिनं हे पद मागितलं नव्हतं. काकांना नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

पुतणीचं खरं काम वेगळं होतं. अकरा देशांतली स्काउट मुलं सहा दिवसांच्या शिबिराला येणार होती आणि त्यांच्या उपक्रमांचा कार्यक्रम तिनं तीन महिने खपून आखला होता. दोरांचा पूल, तराफा, होकायंत्र घेऊन रानात भटकंती, सगळं तासातासानं. आज पाचच्या आत तो स्कॅन होऊन मुख्य कार्यालयात गेला नाही, तर मागच्या शिबिराचा कार्यक्रम जसाच्या तसा लागणार होता, म्हणजे सहा दिवस संचलन आणि मधे भाषणं. सगळ्या पथकप्रमुखांच्या सह्या असलेला तो एकुलता एक कागद तिनं जेवायच्या सुट्टीआधी लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. तीन वाजता येऊन बघते तर खिळा तेवढा जागेवर.

"काका, कपाटाची किल्ली सापडत नाहीये."

"सापडेल कशी? चोरीला गेलीय," काका समाधानानं म्हणाले.

लांब टेबलाशी ते बसले होते आणि पुढ्यात फडक्यानं झाकलेला ट्रे होता. मुलांना द्यायचा प्रत्येक खेळ आधी मोठ्यांवर करून बघायचा, असा नियम होता. काकांच्या वाट्याला निरीक्षणाचा खेळ आला होता: वीस वस्तू मिनिटभर बघायच्या, झाकायच्या आणि आठवून सांगायच्या. त्याची तालीम साडेचारला होती. काकांनी ट्रेवर कोपर टेकून भिंग पुसलं.

मग त्यांनी कपाटावर टाल्कम पावडर फुंकली आणि बराच वेळ ठसे पाहिले. "चोर सराईत आहे. हातमोजे घालून आलाय. इथे फक्त माझेच ठसे आहेत."

पुतणीनं कुलपं उघडणाऱ्याला फोन केला. तो सहाला येतो म्हणाला. कोठी सांभाळणारे म्हणाले, कपाट फोडायचं तर छापील अर्ज भरा. छापील अर्ज कपाटात होते. "आणि माझी कात्री कोणी नेली?" त्यांनी जाता जाता विचारलं. पाठोपाठ तंबूवाला मोजपट्टी शोधत आला, ड्रिलमास्तर शिट्टी शोधत.

काकांचे डोळे चमकले. "टोळी आहे. शिट्टी नेली, म्हणजे कुणी इशारा देऊ नये. कात्री नेली तंबूंचे दोर कापायला. मोजपट्टी कशाला? भुयार खणायला."

"आणि माझी गाळणी?" चहा करणाऱ्या मावशींनी दारातून विचारलं.

काकांनी भिंग दाराकडे रोखलं. "गाळणी म्हणजे निव्वळ दिशाभूल."

पुढच्या तासाभरात टोळी बरखास्त झाली. सगळ्या वस्तू हलक्या, सबब चोर अशक्त, या न्यायानं नुकत्याच तापातून उठलेल्या टंकलेखकाची उलटतपासणी झाली. मग संशय एका कावळ्यावर गेला. पुतणी घड्याळाकडे बघत होती. तिला रडू येत होतं आणि कुणाला ते दिसू नये म्हणून ती खिडकीशी उभी होती.

साडेचारला मावशी आल्या. "साहेब, माझा ट्रे द्या. चहा कशात नेऊ?"

"तालीम झाल्याशिवाय नाही. बसा सगळे. आधी मी करून दाखवतो." काकांनी डोळे मिटले. मावशींनी फडक्याचा कोपरा उचलून ट्रेवर नजर फिरवली. "बोला."

"एक, कात्री."

कोठीवाल्यांनी मान वर केली.

"दोन, शिट्टी. तीन, मोजपट्टी. चार, गाळणी..."

काका खडू, बटण, मेणबत्ती, खोडरबर करत एकोणीसपर्यंत आले आणि अडखळले. कपाळाला आठ्या पडल्या. "विसावी... विसावी काहीतरी किरकोळच होती."

"किल्ली, साहेब," मावशी म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. "अरेच्चा, हो की. जेवायच्या सुट्टीत त्या खिळ्यावरनं घेतली होती. वीस भरत नव्हत्या."

पुतणीनं किल्ली उचलली, कपाट उघडलं, कागद काढला. पाचला वीस मिनिटं होती. माणसांची नावं भरायचं काम तिचंच होतं, म्हणून तिनं आधी पेन घेतलं. तिसरा दिवस, निरीक्षणाचा खेळ: मार्गदर्शकाच्या रकान्यात काकांचं नाव होतं, ते खोडून मावशींचं लिहिलं. मग खाली सहभागींमध्ये काकांना घातलं आणि वयोगटात 'अकरा ते चौदा' लिहिलं. पाचला सात कमी असताना कार्यक्रम गेला.

काकांनी तो कागद भिंगाखाली धरून बराच वेळ निरखला.

"हे अक्षर," ते शेवटी हळूच म्हणाले, "फार चिडलेल्या माणसाचं आहे."

त्यांच्या कारकिर्दीतला बरोबर निघालेला हा पहिलाच तर्क. मावशींनी ट्रे रिकामा करून नेला आणि पहिला कप पुतणीला दिला.