संघबांधणीचा मानकरी

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मीनाबाईंनी नवऱ्याच्या ताटात मटण वाढलं, आणि गणपतराव कांबळ्यांना दरदरून घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब निघाल्यापासून या घरात मीठसुद्धा चिमटीनं पडत होतं. पापडाचा तुकडा मागितला तरी बाई डॉक्टरांचं नाव घेऊन अंगावर यायच्या. आणि आज ना सण ना वार, वाटीभर रस्सा आणि वर नळी!

"आज काय हाय गं?"

"काय न्हाय. खावा." मीनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "वाटंल ते खावा आता. मी न्हाय आडवणार."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्यांनी मिक्सर सुरू केला. मिक्सरच्या भांड्यात काहीही नव्हतं. रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो लावला होता, पण मधूनमधून बंद करावा लागायचा, आणि तेव्हा हुंदके चांगले ओसरीपर्यंत यायचे. गणपतरावांनी ताट बाजूला सारलं. बातमी घरापर्यंत पोचली होती तर.

बातमी अशी होती की गणपतरावांना कॅन्सर झालाय. ती साफ खोटी होती, आणि खोटी आहे हे सिद्ध करण्याची एकमेव वाट त्यांनी स्वतःच शपथ घेऊन बंद करून ठेवली होती. असली शहाणी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली सापडतात.

झालं होतं असं. गणपतराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि हुपरीच्या बास्केटबॉल संघाचे मॅनेजर बनून बसले. कळंब्याच्या संघाचे मॅनेजर विजयसिंह इंगवले. दूधवाले, सहा फूट उंच, आवाज चौकात स्पीकर लावल्यागत. दोघं एकाच शाळेच्या संघातून खेळलेले, आणि गेली अकरा वर्षं खेळाडू कुणी जास्त चांगले जमवले यावर रोज भांडणारे. गेल्या शुक्रवारी विजयसिंह सकाळीच दारात येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "गणप्या, जरा माझ्यासंगं दवाखान्यात चल." त्यांचा हळू आवाज ऐकूनच गणपतराव चपला घालून निघाले.

हायवेकडच्या एका मोठ्या दवाखान्यात विजयसिंहांना तपासणीला आत नेलं. बाहेर काउंटरच्या रांगेत त्यांची फाईल छातीशी धरून गणपतराव उभे होते. तिथं नेमक्या आल्या वर्षाराणी मगदूम, शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई आणि बास्केटबॉल मंडळाच्या सभासद. मावशीला बघायला आल्या होत्या.

"गणपतराव? तुम्ही इथं?"

"काय न्हाय, सहज आलतो."

कॅन्सरच्या दवाखान्यात सहज कोण येतं? वर्षाराणी बाईंनी फाईलकडं बघितलं, गणपतरावांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि पुढं गेल्या. मावशीच्या खाटेपर्यंत पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागली होती.

इकडं डॉक्टरांनी विजयसिंहांना सांगितलं, स्वादुपिंडाचा आहे, उशीर झालाय, दिवाळी दिसली तर दिसली. विजयसिंह बाहेर आले आणि त्यांनी गणपतरावांची कॉलरच धरली.

"घरात कळलं तर उद्यापासनं मला खाटंवर आडवा करत्यात आन् टीम राजवीरच्या हातात देत्यात. माझ्या पोराला बॉल गोल असतोय एवढंच ठावं हाय. पुढल्या रविवारची बैठक हुईस्तवर तोंड उघडायचं न्हाय. घे शपथ."

रविवारच्या बैठकीत मंडळाचा 'उत्कृष्ट संघबांधणी' पुरस्कार ठरायचा होता. कप जिंकणाऱ्याला कप मिळतो. हा मान वेगळा, ज्या मॅनेजरनं माणसं हेरून, जोडून, टिकवून संघ उभा केला त्याचा. विजयसिंहांचं नाव त्यासाठी सहा वर्षं चर्चेला आलं आणि सहाही वेळा पडलं. गणपतरावांना तो एकदा मिळाला होता. यंदा नाही मिळाला तर विजयसिंहांना तो कधीच मिळणार नव्हता, हे जगात तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक डॉक्टर होता. गणपतरावांनी शपथ घेतली.

मंगळवारपासून घरी सुरू झाली रीघ. ज्याला त्याला गणपतरावांना शेवटचं बघायचं होतं. कुणी शहाळी आणली, कुणी गव्हांकुराच्या रसाच्या बाटल्या. चंदगडहून एक जुना खेळाडू एसटीनं पाच किलो काजू घेऊन आला आणि दारातच गळ्यात पडून रडला. गणपतराव सगळ्यांना चहा पाजत, आणि ते गेले की शहाळी आणि बाटल्या स्कूटरच्या पायाशी ठेवून गुपचूप विजयसिंहांच्या गोठ्यावर पोचवत.

"च्यायला, कडू जहर हाय," विजयसिंह रस पिऊन थुंकत. "तुला हे लोक आधीच माराय निघाल्यात."

"मला कशाला? तूच पितोयस की."

दोघंही हसत, आणि मग कुणी कुणाकडं बघत नसे.

गुरुवारी मात्र गणपतरावांचा धीर सुटला. पुण्याहून मुलाचा, प्रसेनजीतचा, फोन आला होता आणि पोरगा बोलायच्या ऐवजी नुसता नाक ओढत होता. ते तडक मंडळाच्या अध्यक्षांकडं गेले. अध्यक्ष आण्णा सरनोबत, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

"आण्णा, मला कायसुदिक झालेलं न्हाय. मी ठणठणीत हाय."

"व्हय की! कोण म्हणतंय झालंय म्हणून?" आण्णांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "तुला काय व्हतंय मर्दा! घोड्यागत हाईस."

गणपतराव उंबऱ्याबाहेर पडतायत तोवर आण्णांनी घरात सांगितलेलं त्यांच्या कानावर आलं, "घरच्यांनी सांगितलेलं न्हाय वाटतं त्येला. बिचारा हसतोय बघ. आतडं तुटतंय माझं."

इथंच सगळं फसलं. आपल्याकडं असला आजार माणसाला सांगत नाहीत. जगाला सांगतात, त्याच्यापासून लपवतात. त्यामुळं गणपतराव जितकं ठासून नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटे. त्यांनी घरच्या डॉक्टरांकडून तब्येत उत्तम असल्याचा दाखला आणला, तर वर्षाराणी बाई डोळे पुसत म्हणाल्या, "डॉक्टरांनासुद्धा खोटं लिहायला लागलं हो." शेवटी शेवटी तर गणपतरावांना स्वतःचाच भरवसा वाटेना. त्यांनी मीनाबाईंना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तू तरी खरं सांग. मला काय झालंय का?" बाईंनी पुन्हा मिक्सर लावला.

रविवारी अकरा वाजता बैठक बसली. पद्धत अशी की ज्यांची नावं आहेत, यंदा हे दोघंच, त्यांनीही समोर बसायचं, आपली बाजू मांडायची. मत मात्र तीनच, आण्णांचं, वर्षाराणी बाईंचं आणि लॅपटॉप घेऊन येणाऱ्या यशराजचं. विजयसिंह आले तेव्हा पँट कमरेवर धरायला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलेलं दिसत होतं.

"काका, वजन लई भारी उतरवलंय!" यशराज म्हणाला. "डायट आमालाबी सांगा की."

"सांगतो," विजयसिंह म्हणाले. "गडबड नगं करू."

यशराजनं आकडे वाचले. कप हुपरीनं जिंकला होता, तोही अंतिम सामन्यात एका गुणानं. पण कळंब्याचा संघ तीन वर्षांपूर्वी शेवटच्या नंबरावर होता. विजयसिंहांनी आपला सगळ्यांत जास्त गुण करणारा गडी दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात दोन बचाव करणारे घेतले, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. चंदगडच्या बाजारात काजूची पोती फेकणारा डावखुरा त्यांनी हेरला. तुरुंगातला एक शिपाई, ज्याला बास्केटबॉल माहीतच नव्हता, त्याला दोन वर्षं रोज पहाटे उभा केला. यंदा कळंब्यासमोर कुणाचे साठ गुण झाले नाहीत.

"आकडं बघितलं तर विजयकाकाच," यशराज म्हणाला.

"आकडेच बघायचे का?" वर्षाराणी बाईंनी रुमाल काढला. "माणुसकी काही असते की नाही?"

आण्णांनी चष्मा काढला. यशराजनं लॅपटॉप हळूच मिटला. सगळे गणपतरावांकडं बघायला लागले, आणि कुणीतरी त्यांच्या पुढचा वडा उचलून उकडलेली केळी ठेवली.

विजयसिंह ताडकन उठले. "दया करायची असंल तर अनाथाश्रमात जावा! हितं टीम बघा, टीम!"

"विजयसिंह, गप बसा."

"का गप बसू? माणूस मराय टेकला म्हणून त्येची संघबांधणी सुधारत न्हाय!"

वर्षाराणी बाई रडायलाच लागल्या. "काळीज आहे का दगड?" आण्णा पुटपुटले, "लहानपणीचा मैतर म्हणं." विजयसिंह पोटावर हात दाबून खाली बसले, आणि ते रागानं बसले असं सगळ्यांनी धरलं.

गणपतरावांना राहवलं नाही. ते उभे राहिले. "माझं नाव मागं घेतो. माझे तीन गडी बंद पडलेल्या टीममधनं आयतेच आलते, मी काय हेरलं न्हाय. खरी बांधणी विजयची हाय. आन् ती फाईल, दवाखान्यातली, ती माझी..."

टेबलाखाली विजयसिंहांचा बूट त्यांच्या नडगीवर बसला. विजयसिंहांनी कानाशी वाकून दात आवळून म्हटलं, "सांगितलंस तर मलाबी दयेचाच मिळंल. थुंकतो मी तसल्यावर." गणपतराव नडगी धरून मटकन बसले.

"बघा," आण्णा गहिवरून म्हणाले, "अंगात त्राण न्हाय, तरी स्वतःचा मान दुसऱ्याला देतोय. ह्येला म्हणत्यात मनाचा मोठेपणा!"

तीन विरुद्ध शून्य. पुरस्कार गणपतराव कांबळे यांना.

"समारंभ नेहमीप्रमाणं पुढच्या महिन्यात ना?" यशराजनं विचारलं.

"नको," वर्षाराणी बाई घाईनं म्हणाल्या, "आत्ताच देऊन टाकू." शाल, श्रीफळ, ढाल, सगळं दहा मिनिटांत उरकलं. फोटो काढताना यशराज म्हणाला, "काका, जरा हसा, हाच फोटो राहणार हाय," आणि मग स्वतःच जीभ चावून बाहेर गेला.

परतताना विजयसिंह स्कूटरवर मागं बसले होते, मांडीवर ढाल. कळंबा तलावाशी आल्यावर त्यांनी खांद्यावर थाप मारली. गणपतरावांनी स्कूटर थांबवली. विजयसिंह कट्ट्यावर टेकले, थोडा वेळ डोळे मिटून श्वास घेत राहिले.

"मीनावैनीला सांग आज. तिला लई तरास झाला. मीबी घरात सांगतो."

"बरं."

"आन् एक सांग. तितं बोललास, बांधणी माझी म्हणून. त्ये मला बघून बोललास न्हवं? मराय लागलोय म्हणून?"

गणपतरावांनी त्याच्याकडं बघितलं. तोंड पिवळं पडलेलं, गालफडं आत गेलेली, आणि डोळे तेवढे टक लावून वाट बघणारे. बांधणी त्याचीच होती. गेली तीन वर्षं गणपतराव कळंब्याची प्रॅक्टिस कुंपणाआडून चोरून बघत आले होते, असला संघ आपल्याला सात जन्मांत जमणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आता तुझीच म्हटलं, तर हा नुसती मान डोलवणार आणि आणखी एक दया गिळणार. गणपतरावांना रडू आलं, ते त्यांनी खाकरून घालवलं.

"व्हय," ते म्हणाले. "तुझं तोंड बघून बोललो. बांधणी माझीच भारी."

"काय?"

"कप कुणाचाय? माझा. तुझा त्यो डावखुरा उजवीकडनं पळाला की भेलकांडतोय. आन् शिपायाला तर पास कळंना. खरं सांगितलं बघ."

"तुझी भारी?" विजयसिंह उठून उभे राहिले. "आयत्या पिठावर रेघोट्या वढणाऱ्या, तुझी भारी? आरं, तुझा त्यो मधला गडी दुसऱ्या हाफात कमरंवर हात ठेवून उभा ऱ्हातोय, दिसतंय का तुला? डावखुरा भेलकांडतोय म्हणं! हितं ये, हितं!" त्यांनी काठी घेऊन धुळीत मैदानाच्या रेघा मारल्या. आवाज असा की पलीकडं म्हशी धुणारा गडी वळून बघायला लागला. "पुढच्या वर्षी बघ तू. दोन गडी हेरून ठेवल्यात मी. नावंबी सांगणार न्हाय तुला. पुढच्या वर्षी तुझ्या तोंडाला फेस आणतो का न्हाय बघ!"

"आण की," गणपतराव म्हणाले. "मी कुटं चाललोय."

विजयसिंह तणतणत मागं बसले आणि स्कूटर सुरू झाल्यावरही बोलतच राहिले, प्रत्येक गड्याचं नाव घेऊन, प्रत्येक सामना काढून, मध्येच ढालीवर मूठ आपटून. पुढच्या चौकात उजवीकडं वळलं की त्यांचं घर होतं. गणपतराव सरळ गेले, जेलच्या बाजूनं लांबचा वळसा घालून, आणि आरशात मागं न बघता ओरडले, "आन् तुझा शिपाई? त्येचं काय सांगतोस?"